बाटलीवरचा आकडा



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर वेदान्त, इतिहास, साहित्य अशा विषयांवर बोलणारी विद्वान मंडळी येतात. आम्ही पडलो कामगार चळवळीतले. शाळा लवकर सुटली. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर, कारखान्याच्या फाटकावरील सभांत आणि करारनाम्याच्या मसुद्यातील एकेका शब्दावर भांडता भांडता. तेव्हा विषयही आम्ही आमच्या वकुबाचाच घेतला आहे. नागपूरचा पारा पंचेचाळिसाकडे सरकू लागला की थंड पेयाची बाटली, दुधाची पिशवी, पाण्याचा कॅन यांच्याशी आपला संबंध दिवसातून चारदा येतो. त्या बाटलीवर एक आकडा असतो. २०० मि.लि., ५०० मि.लि., १ लिटर. किंमत आपण पाहतो, तारीखही हल्ली पाहू लागलो आहोत. हा आकडा मात्र फारसे कोणी वाचत नाही. तो तेथे कसा आला, त्याच्या आधी तेथे काय होते, आणि तो न वाचल्याने कोणाच्या खिशातून किती जाते, एवढेच आज आम्ही सांगणार आहोत.

आरंभ शेरापासून करू. आपल्या आजीच्या तोंडी दूध म्हणजे पावशेर, अच्छेर, शेर. तेल नवटाक किंवा छटाक. नवटाक म्हणजे शेराचा आठवा भाग, छटाक म्हणजे सोळावा. धान्याला निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, पायली. आपल्या भागात कुडो आणि खंडी. नवी नवरी घरात येताना माप ओलांडते ते याच संसारातले. शब्द गोड खरे, पण शेर म्हणजे किती, असे विचारले तर उत्तर गावागणिक वेगळे. एका बाजारचा शेर दुसऱ्या बाजारी सव्वा शेर ठरे, आणि घेण्याचे माप व देण्याचे माप एकाच दुकानात निराळे असे. 'मापात पाप' ही म्हण काही कोणी बसल्या बसल्या रचलेली नाही.

इंग्रज सरकारने यावर उपाय करून पाहिला नाही असे नव्हे. लॉर्ड मेयो व्हाइसरॉय असताना १८७१ साली एक कायदा मंजूर झाला. त्यात वजनाच्या मूळ परिमाणाचे नाव 'शेर'च ठेवले होते, पण त्याचे वजन धरले होते फ्रान्सच्या किलोग्रॅमइतके; आणि एवढ्या वजनाचे पाणी ज्यात मावेल ते द्रवाचे माप. म्हणजे नाव देशी आणि हिशेब दशमान. तो कायदा अमलात आला असता तर आज आपण 'एक शेर दूध' म्हणालो असतो आणि पिशवीत बरोबर किलोच्या पाण्याएवढे दूध मिळाले असते. परंतु तो कागदावरच राहिला. पुढे १९३९ च्या कायद्याने तोळा १८० ग्रेनचा, शेर ८० तोळ्यांचा आणि मण ४० शेरांचा असे ठरले. हा शेर म्हणजे ९३३.१ ग्रॅम. तरी बाजारात जुनी मापे चालूच राहिली.

खरा बदल झाला तो स्वातंत्र्यानंतर. १९५६ च्या डिसेंबरात संसदेने वजन-मापांचा प्रमाणीकरण कायदा केला. आपले नागपूर त्याच्या आदल्याच महिन्यात जुन्या मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आले होते. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले. १ ऑक्टोबर १९५८ पासून निवडक भागांत नवी वजने सुरू झाली. आणि १ एप्रिल १९६२ पासून बाकी सर्व पद्धतींना मनाई झाली. सव्वापाच वर्षांत, ज्या देशात बहुसंख्य लोकांना अक्षरओळख नव्हती त्या देशाने आणे-पै, शेर-मण, गज-मैल सगळे बाजूला ठेवले. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशाला हे अद्याप साधलेले नाही. आपल्या लोकांच्या बुद्धीविषयी नाक मुरडणाऱ्यांना आम्ही हे उदाहरण नेहमी देतो.

आता हा बदल झाला तेव्हा दुधाच्या हिशेबात काय घडले ते पाहण्यासारखे आहे. शेर हे वजन आहे, लिटर हे आकारमान. दूध पाण्यापेक्षा थोडे जड; एक लिटर दूध साधारण १,०३० ग्रॅम भरते. म्हणजे ८० तोळ्यांच्या शेरभर दुधाचे आकारमान सुमारे ९०६ मि.लि. होते, आणि एका लिटरमध्ये एक शेर व वर दहावा हिस्सा दूध बसते. समजा शेराचा भाव बारा आणे, म्हणजे ७५ पैसे होता. तर लिटरचा रास्त भाव जवळजवळ ८३ पैसे. गवळ्याने ८५ मागितले तर वरचे दोन पैसे हिशेब सोपा केल्याचे म्हणून आपण सोडू. पण 'नवे माप मोठे आहे हो' म्हणत त्याने रुपया मागितला, तर सतरा पैसे कोठल्याही मेहनतीवाचून त्याच्या पदरात पडले. उलटही होऊ शकत होते. गिऱ्हाईक 'पावशेर' मागे; पावशेर म्हणजे सुमारे २२६ मि.लि.; त्याच्या भांड्यात २०० चे माप ओतून पावशेराचे पैसे घेतले की झाले. माप बदलते त्या काळात बदलाचा आकडा कोणीतरी आपल्या सोयीने पूर्ण करतो. हे पूर्ण करणे कोणाच्या बाजूने होते, एवढेच पाहायचे असते.

थोडे विषयांतर करतो, कारण हा मुद्दा आमच्या चळवळीच्या जिव्हाळ्याचा आहे. धान्याचे पोते पूर्वी अडीच मणांचे धरीत. अडीच मण म्हणजे ९३.३ किलो. दशमान पद्धती आली आणि पोते शंभर किलोचे, म्हणजे एका क्विंटलचे झाले. कागदावर किती सुटसुटीत! पण हमालाच्या पाठीवर खेपेमागे पावणेसात किलोची भर पडली. पंधरा पोती उचलली की एक पोते जास्त उचलल्यासारखे. मजुरी पोत्यावर ठरलेली असेल, वजनावर नसेल, तर ते जादा पोते फुकट. दोष मेट्रिक पद्धतीचा नव्हे. पोत्यावर मजुरी ठरवण्याचा. म्हणूनच आमच्या लोकांना आम्ही सांगत असतो की करारात भांड्याचे नाव लिहू नका, पोते, टोपले, कप असले शब्द लिहू नका. मापाचा आकडा लिहा.

कपावरून एक गोष्ट आठवली, तीही सांगून टाकतो. एका कारखान्यात (नाव घेत नाही) उपाहारगृहाच्या करारात लिहिले होते: 'प्रत्येक पाळीत दोन वेळा एक कप चहा, सवलतीच्या दरात.' तेव्हाच्या कायद्याप्रमाणे अडीचशेहून अधिक कामगार असले की उपाहारगृह ठेवावेच लागे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे ते ४६ वे कलम. काही वर्षे चिनी मातीचे कप होते. मग कंत्राटदार बदलला आणि कागदी कप आले. दर तोच, चहाही दोन वेळा. पण कामगार कुरकुरू लागले की घोट दोनच मिळतात. व्यवस्थापनाचे म्हणणे असे, की करारात कप लिहिला आहे आणि कप आम्ही देतो. आम्ही प्रथमोपचाराच्या पेटीतला औषधाचा मापाचा पेला मागवला आणि सर्वांसमोर ओतून दाखवले. जुना कप १२० मि.लि.चा, नवा ७० चा. आठशे कामगार, दोन वेळा, पन्नास मि.लि. म्हणजे रोज ८० लिटर चहा. साहेब आधी हसले, 'चहाच्या घोटासाठी भांडता?' म्हणाले, ८० लिटर ऐकल्यावर हसू थांबले. नव्या करारात 'एक कप' हे शब्द खोडून '१०० मि.लि.' असे लिहिले गेले. आजूबाजूच्या टपरीवरच्या 'कट' चहालाही हाच न्याय लावावा असे काही तरुण मंडळींचे म्हणणे होते, पण ती चळवळ आम्ही हाती घेतली नाही.

आता बाटलीकडे येऊ.

बाटलीबंद आणि पिशवीबंद मालासाठी १९७६ चा कायदा आणि त्याखालचे १९७७ चे नियम आले. वेष्टणावर निव्वळ मात्रा, उत्पादकाचे नाव-पत्ता, किंमत छापणे बंधनकारक झाले. 'सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत' हा जो मजकूर आज पोरेसोरेही ओळखतात तो १९९० च्या दुरुस्तीने आला. पुढे २००९ चा वैधमापनशास्त्र कायदा झाला, तो १ एप्रिल २०११ पासून लागू आहे. त्याच्या ११ व्या कलमान्वये भाव सांगताना, जाहिरातीत, पावतीवर किंवा वेष्टणावर प्रमाण एककांखेरीज दुसरे एकक वापरता येत नाही. म्हणजे पेयाच्या बाटलीवर शेर नाही, औंस नाही, पिंटही नाही. फक्त लिटर आणि मिलिलिटर. मजकूर देवनागरी लिपीतील हिंदीत किंवा इंग्रजीत असला पाहिजे, शिवाय दुसरी भाषा जोडायला हरकत नाही, असा नियम आहे. महाराष्ट्रात खपणाऱ्या बाटलीवर मराठीची 'हरकत नाही' एवढीच सोय असावी, हे आम्हांला बरे वाटत नाही.

कायद्याने जुनी नावे बाटलीवरून पुसली, पण तोंडातून कोण पुसणार? आपल्या शहराच्या मध्यावर इंग्रजी अमदानीतला दगडी खांब उभा आहे. त्यावर गावोगावची अंतरे मैलांत कोरलेली आहेत. मैल जाऊन साठ वर्षे झाली, तरी त्या जागेला आपण झिरो माईलच म्हणतो आणि मेट्रोच्या स्थानकालाही तेच नाव दिले. त्यात कोणाचे काही बिघडत नाही, कारण तेथे मैलाने कोणी काही विकत नाही.

दारूच्या दुकानात मात्र नावाने विक्री चालते. आम्ही दारूचे समर्थक नाही. पगाराच्या दिवशी कामगाराचे पैसे कोठे जातात हे आमच्याइतके कोणी पाहिले नसेल. पण मापाच्या शास्त्राला दारूच्या दुकानाइतकी चांगली शाळा नाही, म्हणून थोडा वेळ तेथे जाऊ. मोठी बाटली ७५० मि.लि., तिला बोलीत खंबा म्हणतात. तिच्या निम्मी अद्धा, ३७५ मि.लि. आणि चौथा हिस्सा तो पव्वा किंवा क्वार्टर. आता ७५० चा चौथा हिस्सा किती? साडेसत्त्याऐंशी आणि शंभर, म्हणजे १८७.५. पण बाटलीवर वाचा: १८० मि.लि. दोन अद्धे मिळून खंबा होतो. चार पव्वे मिळून होत नाही, ३० मि.लि. कमी पडते. तीस मि.लि. म्हणजे एक लहान पेग. १८० ला सहाने भाग दिला की बरोबर लहान पेग होतात, तेव्हा त्या आकड्याचा हिशेब पेगाशी जुळतो, खंब्याशी जुळत नाही. परंतु नाव 'चौथा हिस्सा' असेच राहिले. बाटलीवरचा आकडा खरे सांगतो आणि तोंडातला शब्द खोटे, असा हा प्रकार आहे. यात कायद्याचा भंग काहीच नाही, कारण बाटलीवर १८० छापलेले असते.

हे ७५० तरी कोठून आले? इंग्रजी गॅलन १८२४ च्या कायद्याने दहा पौंड पाण्याइतका ठरला, तो ४.५४६ लिटरचा. त्याचा सहावा हिस्सा म्हणजे ७५७.७ मि.लि.; दारूच्या बाटलीचे हे रूढ माप होते. अमेरिकेचा गॅलन लहान, ३.७८५ लिटरचा, त्यांच्याकडे बाटली गॅलनच्या पाचव्या हिश्शाची, आणि तिला 'फिफ्थ' म्हणत. तीही ७५७ मि.लि.च भरते. गॅलन दोन, हिस्से दोन, बाटली एक! १९८० पासून अमेरिकेत मद्याच्या बाटल्या मेट्रिक मापाच्या झाल्या तेव्हा ७५७ चे ७५० झाले. सात मि.लि. कमी झाले ते कोणाच्या बाजूने, हे आता सांगायला नको.

पिंटची कथा याहून मजेची आहे. इंग्लंडचा पिंट ५६८ मि.लि., अमेरिकेचा ४७३ आणि आपल्याकडे बिअरची लहान बाटली, ३३० मि.लि.ची, तिला पिंट म्हणतात. एकाच नावाची तीन मापे, सर्वांत लहान आपल्या वाट्याला! इंग्लंडात आजही नळाच्या बिअरसाठी आणि परत घेण्याच्या बाटलीतील दुधासाठी पिंट कायद्याने चालतो. २०२२ साली तेथल्या सरकारने जुन्या मापांना अधिक मोकळीक द्यावी काय, असे लोकांना विचारले. लाखाच्या वर उत्तरे आली आणि त्यांतील अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून अधिक लोकांनी मेट्रिक मापांनाच पसंती दिली. अमेरिकेत १९९४ पासून बहुतेक मालावर दोन्ही मापे शेजारी शेजारी छापतात. शीतपेयाच्या डब्यावर १२ औंस आणि ३५५ मि.लि. असे दोन्ही असते. दोन मापे छापल्याने गिऱ्हाइकाला अधिक कळते असे कोणी म्हणेल. आम्हांला तसे वाटत नाही. ज्याला दोन भाषा येतात त्याला दुभाषी पाटी लागत नाही. ज्याला एक येते त्याला दुसरी ओळ म्हणजे नुसती गर्दी.

उलट आपल्या देशी दारूच्या गुत्त्यात एक गंमत झाली आहे. तेथे ९० मि.लि.ची बाटली मिळते आणि लोक सरळ 'नाईन्टी' मागतात. पूर्वी मुंबईकडे याच जागी 'नवटाक' हा शब्द होता. शेराचा आठवा भाग गेला आणि त्याच्या गादीवर मिलिलिटरचा आकडा बसला. ज्यांना आपण अडाणी म्हणतो त्यांनी मेट्रिक पद्धत बोलीत रुजवली, हे भाषाशास्त्राच्या पंडितांनी नोंदवून ठेवायला हरकत नाही.

बाटलीत आकड्याएवढा माल असतो काय, हा पुढचा प्रश्न. यंत्राने भरलेली प्रत्येक बाटली थेंबाथेंबाने सारखी असणे शक्य नाही. म्हणून नियमांत तूट किती चालेल याची मर्यादा दिली आहे. २०० मि.लि.च्या बाटलीत एखाद्या वेळी ९ मि.लि. कमी, ५०० मध्ये १५ मि.लि. कमी, १ लिटरमध्येही १५ मि.लि. कमी, येथवर ती एकटी बाटली सदोष ठरत नाही. परंतु त्याच नियमांत दुसरी अट आहे आणि तीच महत्त्वाची: तपासलेल्या नमुन्यातील सर्व बाटल्यांची सरासरी छापील आकड्यापेक्षा कमी असता कामा नये. म्हणजे एक बाटली ४९० ची निघाली तर दुसरी ५१० ची निघाली पाहिजे. यंत्रच ४९० वर बसवून ठेवणे हा गुन्हा आहे. भरण-यंत्रावर उभा असलेला कामगार हे सर्वांच्या आधी जाणतो. दहा मि.लि. म्हणजे दोन चमचे. पण पन्नास हजार पिशव्यांत ते पाचशे लिटर होतात. त्या कामगाराची नोकरी कंत्राटी असेल तर तो तोंड उघडेल काय? मापाचा प्रश्न आणि नोकरीच्या शाश्वतीचा प्रश्न आम्ही एकत्र मांडतो तो यासाठी. निरीक्षक वर्षातून एखादे वेळी येणार. कामगार तेथे रोज असतो.

घरच्या घरी पडताळा घेण्याची युक्ती सोपी आहे. पाण्याची एक लिटरची बाटली वजनाने जवळजवळ एक किलो, रिकाम्या बाटलीचे वजन वजा जाता. दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी ५१५ ग्रॅमच्या आसपास, पिशवीचे दोन-तीन ग्रॅम वेगळे. स्वयंपाकघरातल्या साध्या काट्यावरही हे दिसते. पाच-सहा पिशव्या सलग मोजाव्या; एकीवरून आरडाओरडा करू नये. आणि बाटली गळ्यापर्यंत भरलेली नाही म्हणून फसवले, असाही समज करून घेऊ नये. वीस अंशांवर एक लिटर भरलेले पाणी पंचेचाळीस अंशांवर सुमारे आठ मि.लि.ने फुगते, नागपूरच्या उन्हात उभ्या असलेल्या मालमोटारीत ही जागा रिकामी नसेल तर झाकण उडेल. फुगण्याच्या याच गुणाचा उलटा उपयोग खाद्यतेलाच्या व्यापारात झाला. तेल साठ अंशांवर लिटरभर मोजले आहे असे बारीक अक्षरांत छापायचे, म्हणजे थंड झाल्यावर आकारमान कमी आणि आकडा तोच! २०२२ च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने असे तापमान छापू नये, असे उत्पादकांना बजावले.

परंतु आजची मोठी लबाडी बाटली कमी भरण्यात नाही. ती आहे बाटलीच लहान करण्यात, आणि ती कायदेशीर आहे. पूर्वीच्या नियमांना एक परिशिष्ट होते. त्यात शीतपेये, बाटलीबंद पाणी, चहा, तेल, मीठ, साबण अशा वस्तू कोणत्या मापांतच विकाव्यात याची यादी होती. पाणी विकायचे तर २००, २५०, ५००, १ लिटर अशा ठरावीक आकड्यांत. मधला आकडा चालायचा नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात केलेल्या दुरुस्तीने ती यादी काढून टाकली. आता उत्पादकाला ४७० ची, ४३५ ची, वाटेल ती बाटली काढता येते. भाव वीसच रुपये, बाटलीची उंची तीच, कंबर थोडी आत. गिऱ्हाइकाचा हात बाटली ओळखतो, तो आकडा वाचत नाही. कामगारांच्या महागाई निर्देशांकासाठी भाव टिपणारा माणूस 'बाटली, वीस रुपये' एवढेच टिपील तर महागाई झालीच नाही असे ठरेल आणि आमचा भत्ता तेवढाच राहील. म्हणून हा आकडा केवळ तहानेचा नाही.

यादी काढताना सरकारने तिच्या बदली एक गोष्ट दिली: एकक किंमत. म्हणजे मालाची किंमत दर मि.लि.ला किंवा दर लिटरला किती पडते ते वेष्टणावर छापणे. कल्पना उत्तम आहे. युरोपात १९९८ च्या निर्देशानुसार दुकानातील मालाला दर लिटरचा, दर किलोचा भाव दाखवावा लागतो. आपल्या नियमात मात्र एक खोच राहिली. बाटली लिटरहून लहान असेल तर भाव दर मि.लि.ला, मोठी असेल तर दर लिटरला; आणि तो दोन दशांश स्थळांपर्यंत. आता आपणच करून पाहा. समजा एक बाटली ६०० मि.लि., किंमत ४० रुपये. दर मि.लि.ला ०.०६७ पडतात, छापायचे ०.०७. दुसरी २५० मि.लि., किंमत १८ रुपये. दर मि.लि.ला ०.०७२, छापायचे ०.०७. दोन्हींवर एकच आकडा. पण लिटरचा हिशेब केला तर पहिली पडते ६६ रुपये ६७ पैसे आणि दुसरी ७२ रुपये. लिटरमागे सव्वापाच रुपयांचा फरक त्या दोन दशांश स्थळांत गडप झाला! शेजारी सव्वा लिटरची बाटली ७० रुपयांना असेल तर तिच्यावर '५६ रुपये प्रति लिटर' असे असेल, आणि ०.०७ ची तुलना ५६ शी करण्यासाठी गिऱ्हाइकाने हजाराने गुणायचे. दशमान पद्धती आणली ती त्रैराशिक वाचावे म्हणून. तिला अशा कोपऱ्यात उभी केली की पुन्हा त्रैराशिकच करावे लागते.

आमची मागणी साधी आहे आणि ती आम्ही ग्राहकांच्या मंडळांबरोबर मांडत आलो आहोत. पेय लहान बाटलीत असो की मोठ्या, भाव सर्वांवर दर लिटरलाच छापावा, आणि किमतीच्या अक्षराएवढ्याच अक्षरात. बाटलीचे माप कमी केले तर नव्या बाटलीवर काही महिने 'पूर्वी इतके, आता इतके' असे लिहावे. तोवर उपाय आपल्या हातात आहे: किमतीला मि.लि.ने भागून हजाराने गुणा. ज्याला तोंडी जमत नाही त्याच्या खिशात हल्ली गणकयंत्रासह दूरध्वनी असतोच.

एक गोष्ट राहिली, ती पाण्याच्या कॅनची. लग्नसराईत आणि उन्हाळ्यात आपल्या शहरात दारोदार थंड पाण्याचे कॅन उतरतात. त्यांतील कित्येकांवर काहीच छापलेले नसते. ना माप, ना नाव, ना भरल्याची तारीख. वीस लिटर म्हणून आलेल्या कॅनमध्ये अठरा आहे की वीस, हे पाहुण्यांच्या गर्दीत कोण मोजणार? हा माल सीलबंद नसल्यामुळे वेष्टणाच्या नियमांतून तो निसटतो. पण सुटा माल मापून द्यायचा तर ते माप सरकारी शिक्क्याचे असले पाहिजे, हे तत्त्व सुट्या दुधाला लागू आहे तसेच त्यालाही लागू व्हायला हवे. मापाची मानके पडताळणारी केंद्र सरकारची एक प्रादेशिक प्रयोगशाळा नागपुरातच आहे, जिल्ह्याला वैधमापनशास्त्राचे कार्यालय आहे. तक्रार तेथे लेखी द्यावी, पावती घ्यावी. किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर नोंदवावी. तक्रारीत 'पाणी कमी होते' असे लिहू नये. किती लिटर सांगितले, किती निघाले, कोणत्या भांड्याने मोजले आणि कोणासमोर मोजले, हे दोन आकडे आणि दोन नावे लिहावीत.